मानवेलाची काठी, कोशाचा धागा आणि कठाणी नदीला मिळणारा नाला: एका हिवाळ्याच्या नोंदी

गेल्या उन्हाळ्यात हिमाचलच्या तीर्थन नदीवर दोन दिवस होतो. परवाना काढून, भाड्याची फ्लाय रॉड घेऊन ट्राउट धरायला शिकलो. दोन दिवसांत एकच मासा लागला, पण गुडघाभर नितळ पाण्यात उभं राहून पिसाची माशी (पीस बांधून किड्यासारखी केलेली गरी) धारेवर सोडायची हे मनात जे बसलं ते निघेना. ट्राउट आपल्याकडे नाही आणि होणारही नाही. तो थंड पाण्याचा मासा आहे. इंग्रजांनी १९०० साली स्कॉटलंडहून अंडी आणून काश्मीरच्या पाण्यात तो रुजवला, पुढे हिमाचल आणि निलगिरीतही नेला. गडचिरोलीचं पाणी मे महिन्यात तिशी ओलांडतं, तिथे त्याचा निभाव लागायचा नाही. पण नोव्हेंबर ते जानेवारी आपल्या जंगलातले नालेही तसेच काचेसारखे वाहतात आणि त्यात झोऱ्या नावाची मासोळी असते. तीही धारेकडे तोंड करून उभी राहते, तीही वरून पडणारा किडा उडी मारून घेते. या झोऱ्याच्या नात्यातल्या बोला माशाला इंग्रज शिकारी ‘इंडियन ट्राउट’ म्हणायचे. एवढं कळल्यावर ठरवलं की काठीपासून माशीपर्यंत सगळं इथल्याच वस्तूंतून करायचं. कोणाला हेच करायचं असेल तर माझे गेलेले दिवस त्याचे वाचावेत म्हणून या नोंदी.

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी. रीळवाली फ्लाय रॉड घ्यायची नाही हे आधीच ठरलं होतं. एक तर काठी, रीळ आणि जाड दोरी मिळून पैसे फार. दुसरं, आपल्या नाल्यावर दोन्ही बाजूंनी जांभूळ, करंज वाकलेले असतात. लांब दोरी मागे फेकायला जागाच नाही. जपानच्या डोंगरात तेनकारा नावाची पद्धत आहे. लांब काठी, शेंड्याला जवळपास काठीएवढीच दोरी, पुढे हातभर बारीक तंगूस (नायलॉनचा धागा) आणि एक माशी. रीळ नाही. तिथले डोंगरी मासेमार पोटापाण्यासाठी असेच ओढे फिरायचे. आपल्या मासेमार ढिवर समाजाची गरीची काठी याच्या अगदी जवळची आहे. फरक इतकाच की गरीला गांडूळ असतं, शिसं असतं. इथे माशीला वजनच नाही, म्हणून ती दोरीच्या वजनाने फेकावी लागते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या ज्या गावाच्या, कठाणी नदीला मिळणाऱ्या नाल्यावर जायचं होतं, तिथल्या ग्रामसभेकडे आज गेलो. हे आधी करा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या सामूहिक हक्कात पाण्यातली मासोळीही येते. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११ पासून आपल्या बांबूचा वाहतूक परवाना तिथली ग्रामसभा स्वतः देते. त्यामुळे ‘सरकारी जंगल आहे, कोण विचारतो’ हे इथे चालत नाही आणि चालू नये. सभेत दोन अटी पडल्या: खाण्यापुरतेच मासे न्यायचे आणि देवाच्या डोहात गरी टाकायची नाही. तो डोह उन्हाळ्यातही आटत नाही, सगळ्या नाल्याचं बियाणं तिथे राहतं. रजिस्टरवर सही केली.

तिथूनच चार मानवेल बांबू घेतले, पावतीवर, प्रत्येकी ४० रुपये. निवडून दिले आमच्या शेजारच्या ढिवरकाकांनी. हाताच्या अंगठ्याएवढा बुंधा, पेरं जवळजवळ, दोन-तीन वर्षांचा. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी असते आणि पेरांना पाती चिकटलेली असतात, तो घ्यायचा नाही. काका विळ्याच्या पाठीने ठोकून आवाज ऐकत होते.

७ नोव्हेंबर

पहिली चूक. बांबू ओला असतानाच सरळ करायला घेतला.

पद्धत सोपी आहे. निखाऱ्यावर वाकडं पेर फिरवत तापवायचं, वर मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल चोळायचं, हाताला चटका बसेल इतकं तापलं की गुडघ्यावर हळूच दाबून सरळ करायचं आणि ओल्या फडक्याने थंड करायचं. मी निखाऱ्याऐवजी जाळावर धरला. पहिल्या बांबूचं तिसरं पेर ‘फट्‌’ करून फुटलं. आत बंद असलेली वाफ बाहेर यायला जागा नव्हती. उरलेले तीन निखाऱ्यावर केले, तीन तास गेले, आणि संध्याकाळी ते सुतासारखे सरळ होते.

१० नोव्हेंबर

तिन्ही पुन्हा वाकले. ओला बांबू वाळताना आपल्या मूळ वळणावर जातो. आधी वाळवायचा, मग तापवायचा, हा क्रम आहे. काकांना विचारायला हवं होतं. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “सर, वला बास कोनाचंच आयकत नाई.”

आता पडवीच्या आढ्याला तिन्ही उलटे टांगले आहेत, शेंडा खाली, प्रत्येकाला सुतळीने एक अख्खी वीट. निदान तीन आठवडे लागतील असं काका म्हणाले. म्हणजे सुट्टी वाया.

२१ नोव्हेंबर

१९ आणि २० ला विधानसभेच्या मतदानाची ड्युटी होती, त्याआधी प्रशिक्षण. या दहा दिवसांत काहीच काम नाही. फक्त येता-जाता बांबूला हात लावून पाहत होतो. हिरवा रंग जाऊन पिवळट होतोय.

२४ नोव्हेंबर, रविवार

दोरी. आमच्या भागात कोशाचं (टसर रेशमाचं) काम ढिवर घरांतच होतं. ऐनाच्या झाडांवर किडे सांभाळायचे, कोसा उतरवायचा. काकूंनी घरच्या कोशाचा हाताने काढलेला धागा दिला, पैसे घेतले नाहीत. पूर्वी विलायतेतही फ्लायची दोरी रेशमाचीच असायची, म्हणून मोठ्या आशेने साडेतीन मीटरची दोरी वळली. अंगणात कोरडी फेकून पाहिली तर फार सुंदर जाते, उलगडत जाऊन शेवटी हलकेच पडते.

मग ती टाक्याच्या पाण्यावर सोडली. पंधरा मिनिटांत पाणी प्यायली, जड झाली, बुडाली, आणि वर काढल्यावर शेंड्याभोवती गुंडाळली जाऊ लागली. मध काढणाऱ्यांकडचं मेण तिळाच्या तेलात वितळवून चोळलं. त्याने तासभर तरते, पुन्हा तेच. दर तासाला दोरी पुसून, वाळवून मेण लावायची तयारी असेल त्याने कोसा वापरावा. मला दिवसभर पाण्यावर राहायचं होतं म्हणून दोरीसाठी सोडला. काठीला गुंडाळायला आणि माशी बांधायला मात्र याहून चांगला धागा मी पाहिला नाही. न चमकणारा, गाठ न सुटणारा.

१ डिसेंबर, रविवार

तंगुसाची दोरी, दोनदा.

पहिल्यांदा ०.२० मिलिमीटरचे पाच पदर एकत्र धरले, टोक हातड्रिलमध्ये अडकवलं आणि एकाच दिशेने पीळ दिला. दोरी छान दिसली. सोडल्याबरोबर ती स्वतःभोवती फिरू लागली, आणि पुढे माशी बांधली असती तर भिंगरीसारखी फिरली असती.

दुसऱ्यांदा नीट केलं. पदरांचे दोन गट करायचे. दोन्ही गटांना वेगवेगळा, पण एकाच दिशेने पीळ द्यायचा. मग दोन्हीची टोकं एकत्र बांधून सोडून द्यायची. ते आपणहून उलट दिशेने एकमेकांत गुंफतात आणि पीळ पिळाला अडवून धरतो. सुंभाची दोरी वळणारा कोणीही हे डोळे मिटून करतो. दोरी निमुळती व्हावी म्हणून काठीकडचा पहिला मीटर सहा पदरी, पुढचा चार पदरी, शेवटचा तीन पदरी केला. गाठी फेव्हिक्विकने बसवल्या नाहीत, त्याने तंगूस कडक होऊन तिथेच तुटतो. ओल्या करून ओढल्या, तेवढं पुरतं.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी साडेसातच्या सुमाराला भूकंपाचा धक्का बसला. तेलंगणातल्या मुलुगूकडे केंद्र होतं, ५.३ रिश्टर. आम्ही सगळे अंगणात आलो. पडवीकडे पाहिलं तर तिन्ही विटा तीन लंबकांसारख्या हलत होत्या, बराच वेळ. नुकसान कुठे नाही.

संध्याकाळी बांबू उतरवले. या वेळी निखाऱ्यावर सरळ केले आणि ते सरळ राहिले.

६ आणि ७ डिसेंबर

काठी ३.४ मीटरची हवी, पण मोटरसायकलवर न्यायची म्हणून दोन तुकडे. जोडाला जुन्या छत्रीची पोलादी नळी वापरली, छत्री दुरुस्त करणाऱ्याने २० रुपयांना दिली. ती बसावी म्हणून मी बांबूची बाहेरची साल चाकूने तासली. ही दुसरी मोठी चूक. बांबूची सारी ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते. अंगणात चौथ्या फेकीला काठी बरोबर तासलेल्या जागी मोडली.

दुसऱ्या बांबूच्या सालीला चाकू अजिबात लावला नाही. नळीत आपोआप बसेल एवढ्या जाडीचं पेर शोधून तिथे कापलं, एपॉक्सी भरलं, नळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच कोशाचा धागा अंगाला अंग लावून गुंडाळला, वर वॉर्निशचे तीन हात. धागा गुंडाळताना आधी त्याचा एक फासा खाली ठेवायचा आणि शेवटचं टोक त्या फाशातून ओढून आत घ्यायचं, गाठ दिसत नाही. शेंड्याला कोशाचाच छोटा पीळदार फासा चिकटवला, त्यात दोरी अडकते.

किराणा दुकानात वजन केलं, २४० ग्रॅम. मानवेल आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणून जड. तीर्थनला वापरलेली काठी याच्या निम्म्यानेही नसेल. बुंध्याकडची पोकळी शोधत बसलो नाही. जड तर जड.

८ डिसेंबर, रविवार

माश्या बांधल्या. बाजारात मिळतात त्या गऱ्या मोठ्या असतात, झोऱ्याचं तोंड लहान. १४ नंबरच्या २५ गऱ्या कुरिअरने मागवल्या, ३५० रुपये. एवढाच खर्च मला जास्त वाटला, पण त्याला पर्याय सापडला नाही. प्रत्येक गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला. लहान मासोळी सोडायची असेल तर तो काटा तिचा जबडा फाडतो.

पिसं गावरान कोंबड्याच्या मानेची. परदेशात माशी बांधणारे लोक भारतीय कोंबड्याच्या मानेची कातडी पिसांसकट विकत घेतात, आणि आपल्याकडे ती दर रविवारी चिकनच्या दुकानामागे फेकली जाते. दुकानदाराला सांगून तीन मानी आणल्या, रिठ्याच्या पाण्याने धुतल्या, सावलीत वाळवल्या, डांबरगोळ्या घालून डब्यात ठेवल्या. कोंबड्याचं पीस ताठ, पाण्यावर उभं राहतं. कोंबडीचं मऊ, पाण्यात हलतं.

गरी धरायचा शिकंजा नव्हता. पकडीत गरीचा वळणाचा भाग धरला, पकडीच्या मुठींना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून ती घट्ट केली आणि पकड टेबलाच्या खणात अडकवली. तेनकाराची माशी बांधायला सगळ्यात सोपी: गरीच्या डोळ्याजवळ (दोरी बांधायच्या भोकाजवळ) धागा सुरू करायचा, पीस उलटं बांधून तीन वेढे द्यायचे म्हणजे त्याचे केस पुढे, डोळ्याकडे झुकतात. मग धाग्यानेच मागे पोट भरायचं, परत पुढे यायचं, तीन गाठी, वर नेलपॉलिशचा थेंब. ओढली की छत्रीसारखी मिटते, सोडली की उघडते, पाण्यात जिवंत वाटते. पहिल्या पाचांचं पोट फार जाड झालं. नवशिक्याचा हात धागा वाचवत नाही. सहावीपासून जमलं. एकूण चौदा बांधल्या, सगळ्या तपकिरी आणि काळ्या.

१५ डिसेंबर, रविवार

नाल्यावर पहिला दिवस. एकही मासा नाही.

काठी नीट, दोरी नीट, माशी नीट. पाणी इतकं नितळ की चार हातांवरच्या झोऱ्या मोजता येत होत्या: नऊ. मी पहिली फेक केली आणि नऊच्या नऊ खडकाखाली. पुढच्या वळणावरही तेच. दुपारपर्यंत जवळपास दोन किलोमीटर वर चढलो. प्रत्येक वळणावर मला फक्त पळणाऱ्या शेपट्या दिसल्या.

गावाच्या खालच्या अंगाला एका डबक्यात पोटं वर झालेली बारीक मासोळी तरंगत होती, पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास. बाहेरून कोणी तरी येऊन टाकून गेलं असं लोक म्हणाले. पाच किलो माशांसाठी पाच वर्षांचं बियाणं मारतात, किडेही मरतात. ग्रामसभेने तो विषय घेतला आहे. मला रात्री झोप लागली नाही.

१६ ते २१ डिसेंबर

काकांना सगळं सांगितलं. काठी त्यांनी हातात घेऊन वाकवून पाहिली, दोरीवरून बोटं फिरवली, मग विचारलं, “कोन्त्या रंगाचा सदरा घातला होता?” पांढरा. “आन उभं राहून?” उभं राहून. “सूर्य?” पाठीमागे होता.

“मंग सर, तुमी मासोळीले पाहून राहिले होते का मासोळी तुमाले पाहून राहिली होती?”

रविवारी येतो म्हणाले. मधे दोन दिवस हत्तींचा कळप तालुक्यात फिरतोय अशी बातमी होती. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून आले तेव्हापासून हे अधूनमधून असतंच. शनिवारी गावातून फोन आला की कळप दूर गेला, या.

२२ डिसेंबर, रविवार

या नोंदीसाठीच बाकीच्या लिहिल्या.

सकाळी ऊन वर येईपर्यंत आम्ही गावातच शेकोटीजवळ थांबलो. वाघ-बिबट्याच्या भागात धुक्यात नाल्यात उतरायचं नाही, एकट्याने तर कधीच नाही. साडेआठला पाण्यात थर्मामीटर धरला, १७ अंश. माझा सदरा आज मातकट, काकांचा नेहमीचाच खाकी.

पहिल्या डोहाच्या खालच्या तोंडाशी, जांभळीच्या मुळांमागे काकांनी मला बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही, काठी आडवी जमिनीवर. पाच मिनिटांनी मला वाटलं आता सुरू करू. त्यांनी नुसता हात दाखवला. दहा मिनिटांनी डोहाच्या शेपटीला एक झोऱ्या आली. पंधराव्या मिनिटाला सहा. त्या धारेच्या कडेने एकामागे एक उभ्या राहिल्या, प्रत्येकीची जागा ठरलेली, सगळ्यात मोठी सगळ्यात पुढे, जिथे दोन खडकांमधून पाणी येतं तिथे. अधूनमधून ती वर येई आणि पाण्यावर एक कडं उमटे.

काय खातेय ते मला दिसेना. काकांनी वर बोट दाखवलं. जांभळीच्या फांदीवर पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घर होतं, बरोबर पाण्यावर. वाऱ्याने फांदी हलली की एखादी मुंगी पडायची आणि तीन हात वाहून जाण्याआधीच नाहीशी व्हायची. माझ्या डबीत चौदा माश्या, एकही लाल नाही. मागच्या रविवारी झोऱ्या पळाल्या नसत्या तरी बहुधा माझी माशी त्यांनी घेतली नसती.

हळद-चुन्याचा प्रयोग मी घरी करून ठेवला होता, सहज म्हणून. हळदीत चुना कालवला की कुंकवासारखा लाल होतो, त्यात कोशाचा धागा बुडवून आणला होता. तिथेच बसून, पकड गुडघ्यात धरून दोन माश्या बांधल्या. मुंगीच्या कमरेसारखी मधे बारीक, दोन्हीकडे फुगीर, पुढे कोंबड्याच्या पिसाचे दोनच वेढे. अर्धा तास गेला. काका बिडी न पेटवता तोंडात धरून बसले होते.

मग गुडघ्यांवर, खालच्या बाजूने. मासोळी धारेकडे तोंड करून असते म्हणून मागून जायचं. तिला वरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. आपण जितके खाली आणि जितके लांब, तितके त्या खिडकीच्या काठाला जातो. काठी उंच उगारली तर तिची सावली आधी पोचते. “थे सावली तिले घारीची वाटते,” काका कुजबुजले. वर फांद्या, मागे करंज, फेकायला जागा नाही. तेव्हा गरीचं वळण चिमटीत धरून दोरी मागे ताणली, काठीचा शेंडा वाकवला आणि गुलेलीसारखं सोडलं. माशी खडकाच्या पलीकडे, धारेत.

ती आली. मी पाहिली, वर येताना, तोंड उघडताना, आणि मी असा काही झटका दिला की माशी सरळ करंजात. तुटली. दुसरी माशी, दुसरी मासोळी, पुन्हा तेच. तीर्थनवर सांगितलं होतं ‘लगेच ओढ’, ते लांब दोरीसाठी होतं. इथे दोरी तीन मीटर, तीही ताठ, मनगट नुसतं वर उचललं तरी पुरे. हे कळायला मला त्या डोहातले सगळे मासे घालवावे लागले.

तिसऱ्या डोहावर, साडेदहाला, पहिली लागली. काठीचा शेंडा थरथरला आणि ते थरथरणं २४० ग्रॅमच्या त्या बांबूतून माझ्या कोपरापर्यंत आलं. हात आधी पाण्यात बुडवून ओला केला, मग तिला धरलं. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत लांब. पाठ हिरवट, कुशीला निळसर उभे पट्टे, खवल्या-खवल्यावर काळा ठिपका, जणू कोणी बारीक कुंचल्याने एकेक लावला असावा, आणि खालच्या परांना केशरी झाक. हे सगळं वाळूवर पडलेल्या मासोळीत दिसत नाही, बाजाराच्या टोपलीत तर नाहीच. पाण्यातून काढल्यावर काही क्षणांतच ते रंग उतरायला लागतात. मी ती सोडली. काकांनी का म्हणून विचारलं नाही. “पयली देवाची,” म्हणाले.

बाराच्या सुमाराला मासोळी घेईनाशी झाली. माशी हातात घेऊन पाहिली तर ती पिवळी. चुन्याची लाली पाण्याने धुऊन गेली होती, खाली हळद उरली. काकांच्या खिशात पानाचा चुना होता. तो बोटाने चोळला, माशी परत लाल झाली आणि दहा मिनिटांत मासोळी लागली. त्यानंतर दर अर्ध्या तासाला चुना. हा उपाय चालतो, पण टिकाऊ नाही.

दुपारी एकला पाणी २१ अंशांवर. पाच मासे ठेवले होते. मीठ-हळद लावून, पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांत भाजले. सोबत काकूंनी बांधून दिलेली भाकर आणि जवसाची चटणी. काट्यांसकट खाल्ले.

दुपारनंतर तीनच लागले. एकदा तंगूस गाठीपाशी तुटला, कारण ओली न करता ओढली होती. घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. छत्रीची नळी जराशी हलू लागली, तिला संध्याकाळी मेण लावून घट्ट केली. उजवं मनगट दुखत होतं. साडेतीनला काठी गुंडाळली. एकूण: दहा लागले, पाच खाल्ले, पाच सोडले. सहा माश्या झाडांत गेल्या, त्यातल्या दोन काकांनी काठीने काढून दिल्या. देवाच्या डोहाशी आम्ही फक्त बसलो. तिथे हातभर लांबीचं काहीतरी खोल पाण्यात एकदा फिरलं आणि परत खाली गेलं.

२५ डिसेंबर

हिशेब. बांबू चार, १६०. छत्रीची नळी २०. तंगुसाच्या दोन रिळा २००. गऱ्या ३५०. एपॉक्सी ६०. वॉर्निश ९५. आज शिंप्याकडून आणलेली केशरी-लाल धाग्याची रीळ १०, हिचा रंग जात नाही. एकूण ८९५. पेट्रोल वेगळं, तीन फेऱ्यांचं साडेचारशे. वेळ: सात आठवडे, त्यातले निदान तीन ओल्या बांबूपायी गेले.

आज पुन्हा करायचं झालं तर काठीवर एवढे दिवस घालवणार नाही. कुठलाही सरळ वाळलेला बांबू चालला असता. पहिल्याच रविवारी काठी घरी ठेवून नाल्यावर जाऊन बसलो असतो आणि वरून काय पडतं ते पाहिलं असतं. माश्या त्यानंतर बांधल्या असत्या.

५ जानेवारी २०२५, रविवार

एकटाच गावात गेलो, नाल्यावर काकांच्या नातवासोबत. वय अकरा. पाणी बोटभर उतरलं आहे, वरच्या दोन धारा नुसत्या पाझरतात. शिंप्याच्या धाग्याच्या मुंगीवर तासाभरात चार लागल्या, चारही सोडल्या. धार तुटली की मासोळी डोहात कोंडली जाते, मग तिला धरणं बरोबर नाही. म्हणून या हंगामापुरतं थांबतो. पावसाळ्यात ती अंडी घालते तेव्हाही नाही. पुढचा पहिला दिवस नाला निवळल्यावर, बहुधा पुढच्या नोव्हेंबरात.

काठीच्या बुंध्याशी पिठासारखी भुकटी दिसली. घुण. बांबू कापल्यावर महिनाभर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायला हवा होता, म्हणजे त्यातलं सत्त्व निघून जातं आणि घुणाला खायला उरत नाही. भोकांत इंजेक्शनच्या सुईने रॉकेल सोडलं, वर मेण भरलं. एक हंगाम निघेल.

नातवाला काठी हवी आहे. त्याच्यासाठी ग्रामसभेकडून नवा मानवेल घेतला, बारीक, त्याच्या हाताला पेलेल असा. तो आता गावाजवळ नाल्याच्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवला आहे. ५ फेब्रुवारीला काढायचा, मग तीन आठवडे पडवीत वीट बांधून. दोन्ही तारखा त्याने खडूने भिंतीवर लिहिल्या आहेत.